लॅपटॉप वर्गात कधी उघडायचा?

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या वर्षी गटातल्या एका ताईंनी लेकीच्या लॅपटॉपसाठी कर्ज मागितलं. हप्ता किती, फेडणार कसा, सगळं आम्ही विचारलं. लेक तो वापरणार कसा, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

पहिल्या सत्रात तिचा एक विषय राहिला. घरात लगेच सुरू झालं, "विका तो लॅपटॉप आणि पोरीला घरी बसवा." ताई रडतच बैठकीला आल्या.

आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. न रागावता लेकीला विचारलं. ती खरं बोलली, "मावशी, टिपणं काढायलाच उघडते. पण मध्येच मेसेज येतो, मग एखादा व्हिडिओ बघते. तोवर सर पुढं गेलेले असतात."

हे एकट्या तिचंच नाही. कॅनडातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं, २०१३ साली ते छापून आलं. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर दुसरंच बघणाऱ्यांना परीक्षेत कमी गुण पडले. आणि ज्यांच्या हातात फक्त वही होती, पण समोर दुसऱ्याचा असा लॅपटॉप दिसत होता, त्यांचेही गुण सुमारे १७ टक्क्यांनी कमी आले. म्हणजे आपल्याबरोबर मागच्या बाकावरच्या मुलीचंही नुकसान!

मग लॅपटॉप विकायचा का? नाही. प्रोजेक्टला तो लागतो, शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागतो. वर्गात समजलं नाही ते सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर फुकट, थांबवून थांबवून पुन्हा ऐकता येतं.

शेवटी लेकीनंच ठरवलं. वर्गात वही-पेन. सरांनी सांगितलं तरच लॅपटॉप, तेव्हाही मेसेज बंद आणि जागा शेवटच्या बाकावर. घरच्यांनीही एक कबूल केलं, संध्याकाळी तासभर तिला भाकरी-भांड्यांतून सुट्टी. तो तास लॅपटॉपचा.

राहिलेल्या विषयाचा निकाल अजून यायचाय. पण लेक कॉलेजात जातेय, हप्ताही वेळेवर येतोय.

आता लॅपटॉपसाठी कर्ज मागितलं की आम्ही आणखी दोन प्रश्न विचारतो. वर्गात तो मिटलेला राहील का? आणि घरी तो उघडायला लेकीला वेळ मिळेल का? पहिल्याचं उत्तर लेकीनं द्यायचं, दुसऱ्याचं आपण. तुमच्या गटातही विचारून बघा.