पिस्तूल आहे, हे सांगितल्यावर


फिलँडो कॅस्टील हा आपल्याच बिरादरीतला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलच्या शाळेत मुलांच्या जेवणाच्या विभागात पर्यवेक्षक. टीमस्टर्स युनियनच्या ३२० क्रमांकाच्या शाखेचा सभासद. वय ३२.

६ जुलै २०१६ च्या रात्री पोलिसाने त्याची मोटार अडवली. कारण सांगितले, मागचा दिवा बंद आहे. (मनात होता दरोड्याचा संशय, तो काही बोलून दाखवला नाही.) कॅस्टीलने विम्याचे कार्ड दिले आणि अदबीने सांगितले, जवळ पिस्तूल आहे. रीतसर परवाना होता. त्या राज्यात पोलिसाने विचारले तरच सांगणे सक्तीचे आहे. मिशिगनमध्ये मात्र न विचारता लगेच सांगावे लागते. याने आपण होऊन सांगितले. पोलीस म्हणाला, त्याला हात लावू नको. हा म्हणाला, काढत नाही. काही सेकंदांत ७ गोळ्या झाडल्या गेल्या. शेजारी मैत्रीण, मागे तिची ४ वर्षांची मुलगी. पिस्तूल खिशातच होते. जून २०१७ मध्ये ज्युरीने पोलिसाला निर्दोष सोडले.

कॅस्टील काळा होता, हे बाजूला ठेवून या प्रकरणाचा विचार होऊच शकत नाही. कसे सांगावे हे परवानेवाल्याला सगळे शिकवतात; ऐकणाऱ्याला कोण शिकवतो? आमच्या मते खोट तिथे आहे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १९ प्रमाणे शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस परवाना मागू शकतो. आपल्यातले निवृत्त जवान बंदूक घेऊन पहाऱ्याची नोकरी करतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो, परवाना शस्त्रापासून वेगळ्या खिशात ठेवा आणि हात हलवण्याआधी तोंडाने सांगा.