सेवा, मानधन आणि घर



महर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून हिंगण्याच्या आश्रमात पायी जात, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या वेळी घर कोण सांभाळत होते, हे जाणून घ्यायचे तर त्यांच्या पत्नी आनंदीबाई तथा बाया यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनाकडे वळावे लागते. समाजकार्याच्या इतिहासातील ही दुसरी बाजू आपल्याकडे फार उशिरा वाचली गेली.

पश्चिमेकडे तिचा शास्त्रीय विचार गेल्या अर्धशतकात झाला. मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांचा थकवा पाहून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली त्याविषयी लिहिताना ‘बर्नआउट’ ही संज्ञा योजली. मराठीत ‘करपणे’ म्हणता येईल. क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे दाखविली : मन रिते होणे, ज्याच्यासाठी झटायचे त्याच्याविषयीच कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काहीच साधत नाही असे वाटणे. यांतील दुसरे अंग सर्वांत घातक. कारण त्याची झळ मदतीसाठी दारात आलेल्या माणसाला लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०१९ साली संमत झालेल्या वर्गीकरणात याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाशी त्याचा संबंध जोडला आहे. तेव्हा दोष कार्यकर्त्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी कामाच्या रचनेत शोधणे क्रमप्राप्त ठरते.

अंगणवाडी सेविकेचेच उदाहरण घ्यावे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत ही योजना सुरू झाली. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, गरोदर स्त्रियांना आरोग्याचा सल्ला, लसीकरणास हातभार, आणि या सर्वांच्या नोंदी! सेविका त्याच वस्तीत राहते. त्यामुळे अंगणवाडीला कुलूप लागले तरी काम संपत नाही. संध्याकाळी चुलीपुढे बसलेली असतानाच शेजारीण अडचण घेऊन येते. परक्या मुलांची वजने टिपणाऱ्या या बाईचे स्वतःचे मूल तापाने फणफणत असेल, तर बदली कोण देणार?

यावर शासनाचे उत्तर ‘मानधन’ या शब्दात दडलेले होते. केंद्र सरकारने २०१८ साली सेविकेचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. परंतु सेवा मानद, म्हणून नोकरीचे हक्क नाहीत, असा युक्तिवाद चालू राहिला. गुजरातमधील दाहोदच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो फेटाळला आणि सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय दिला. मानधन हे कायद्याच्या दृष्टीने वेतनच ठरले.

निवृत्तीनंतरची सोय अशी झाली. रोजच्या ओझ्याचे काय? तपासणीला येणारी पर्यवेक्षिका बहुधा नोंदवह्या मागते. समाजकार्याच्या शिक्षणात मात्र पर्यवेक्षणाचा अर्थ याहून व्यापक आहे. अनुभवी सहकाऱ्यापाशी बसून अवघड प्रसंग बोलून दाखविणे आणि तो एकट्याने वाहावा लागू नये, हाही त्यात येतो. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. महिन्यातून एक बैठक नोंदवह्यांविना भरवावी, आणि रजेच्या दिवशी काम कोण पाहील याचे नाव आधीच ठरलेले असावे.