दुखणे अंगावर काढू नका : ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि फिजिओथेरपी

(मिठबाव येथे मंडळाच्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो अशा व्यासपीठावर सहसा निघत नाही. घरातही निघत नाही. कार्यक्रमपत्रिकेत 'महिलांचे आरोग्य' एवढेच छापले आहे, कारण खरे नाव छापायला आमचाच हात कचरला. तेव्हा आधी ते नाव घेतो. खोकताना, शिंकताना, हसताना लघवी गळणे. घाईची लागली की मोरीपर्यंत पोचायच्या आत होणे. अंग बाहेर येणे. वारा किंवा शौच धरून न ठेवता येणे. ही सगळी एकाच घरातली दुखणी आहेत. आम्ही डॉक्टर नव्हेत. पण गावातल्या बायकांबरोबर दवाखान्याच्या खेपा घालता घालता जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

आमच्या नात्यात एक काकी होत्या. एके काळी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसणाऱ्या. पुढे त्या दाराजवळ बसू लागल्या, मग लवकर उठू लागल्या, आणि शेवटी येईनाशा झाल्या. विचारले की म्हणायच्या, "वय झाला, आता खय जाऊचा?" लोकांना त्या तऱ्हेवाईक वाटल्या. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटल्या. त्यांच्या अखेरच्या आजारपणात सेवा करताना कळले की अंग बाहेर आले होते, आणि कित्येक वर्षे त्या फडक्याची घडी करून त्याला आधार देत होत्या. लुगड्याला वास येईल म्हणून चारचौघांत जाणे त्यांनी सोडले होते. मुलगे होते, सुना होत्या, आम्ही होतो. एकालाही त्या बोलल्या नाहीत आणि आमच्यापैकी कोणीही नीट विचारले नाही. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घर करून आहे.

काकी एकट्या नव्हत्या. मुंबईला जायचे म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका आपल्या वाडीत आहेत. एस. टी. मध्ये बसण्याआधी दोनदा जाऊन येणाऱ्या आहेत. त्यांना वाटते, हे बाईच्या जन्माचे भोग आहेत. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे की हे भोग नाहीत. बऱ्याच वेळा हा स्नायूंचा प्रश्न असतो, आणि स्नायू शिकवला तर शिकतो.

हे स्नायू कोठे असतात? लहान मुलाला निजवायची झोळी डोळ्यांपुढे आणा. माकडहाडापासून ओटीपोटाच्या पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची अशीच एक झोळी बांधलेली असते. तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार असतो. लघवीची वाट, योनिमार्ग आणि शौचाची वाट तिच्यातूनच खाली येतात. झोळी ताठ असली की वाटा बंद राहतात आणि अवयव जागेवर राहतात. ती सैल पडली की वर सांगितलेली दुखणी सुरू होतात.

सैल पडण्याची कारणे आपल्या जगण्यातच आहेत. बाळंतपणात हे स्नायू फार ताणले जातात. कळा लांबल्या, बाळंतपणे जास्त झाली, तर अधिकच. त्यानंतर ते पुन्हा आवळून येण्याआधीच बाई कामाला लागते. विहिरीवरून कळशा आणणे, जांभ्याचे चिरे उचलणे, गवताचे भारे, आंब्याच्या पेट्या, डोक्यावर मासळीची पाटी, लावणीच्या दिवसांत दिवसभर ओणवे राहणे. वजन उचलताना पोटातला दाब खाली येतो आणि तो या झोळीवरच पडतो. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांनीही तोच दाब रोज पडत राहतो. पाळी गेल्यानंतर शरीरातले बदल त्यात भर घालतात.

बाळंतिणीला विश्रांती हवी हे काही आज निघालेले खूळ नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, तो कायदा झाला. कायद्याची रजा नोकरीवाल्या बाईला मिळते. शेतात आणि चिऱ्यांच्या खाणीवर राबणाऱ्या बाईला ती रजा घरच्यांनीच द्यायची आहे.

बायका सांगत नाहीत याचा मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८ होत्या. तो अभ्यास सर्व प्रकारच्या स्त्रीरोगांचा होता, केवळ आपल्या विषयाचा नव्हे. पण दुखणे आणि दवाखाना यांच्यामध्ये लाज किती उंच भिंत घालते, ते त्यातून साऱ्या जगाला दिसले.

लाजेची भिंत ओलांडून बाई दवाखान्यात गेली, तर पुढे काय? पुष्कळांना वाटते की आता पिशवी काढावी लागणार. अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रियांत मुंबईच्या डॉक्टरांचे नाव मोठे आहे. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते उचलून धरण्याच्या पद्धती बसवल्या. गरज असेल तेथे शस्त्रक्रिया करावीच. पण प्रत्येक तक्रारीला पिशवी काढणे हे उत्तर नव्हे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली एवढा गाजला की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून शस्त्रक्रियेआधी विचारण्याचा एक प्रश्न आम्ही सांगतो : "डॉक्टर, व्यायामाने हे सुधारेल का?"

हा व्यायाम शिकवण्याचे शास्त्र म्हणजे फिजिओथेरपी. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिची शाळा सुरू झाली. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की मोडलेला हात आणि लकवा आठवतो. पण अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ सालीच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. योगाभ्यासातला मूलबंध आणि अश्विनी मुद्रा याच जातीच्या क्रिया आहेत. २०१८ साली ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. खोकताना-शिंकताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या शंभरात सुमारे ५६ जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले, न करणाऱ्यांत सुमारे ६ जणींनी. अंग खाली सरकण्याच्या तक्रारीवरही ४४७ स्त्रियांची चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०१४ साली आला. एकेकीला तपासून शिकवलेल्या व्यायामाने त्रास कमी झाला होता.

आता व्यायाम सांगतो. विद्यार्थिनींनी लिहून घ्यावा आणि घरी आईला, आजीला सांगावा.

लघवी करून उताणे पडा, गुडघे वाकवा. वारा सुटू नये म्हणून आपण जसे आवळून धरतो, तसे मागून आवळा आणि लघवी थांबवल्यासारखे पुढेही आवळून सगळे आत आणि वर ओढा. श्वास चालू ठेवा. पोट, कुल्ले, मांड्या ताठ करू नका. तीन ते पाच आकडे मोजेपर्यंत धरा, मग पूर्ण सैल सोडा आणि तेवढीच विश्रांती घ्या. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जा. असे एका वेळी निदान आठदा आणि दिवसातून तीन वेळा करायचे. जमले की बसून, मग उभ्याने. शिवाय खोकण्याच्या, शिंकण्याच्या, कळशी उचलण्याच्या आधी एकदा आवळून घ्यायची सवय लावा. चालू लघवी मध्येच थांबवून मात्र हा व्यायाम रोज करू नये.

निदान तीन महिने नेमाने केला पाहिजे. आठ दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडणाऱ्याच जास्त.

मग फिजिओथेरपिस्ट कशाला? एक तर पुष्कळ बायका आत ओढण्याऐवजी खालीच जोर देतात आणि त्याने नुकसान होते. बरोबर होते की नाही ते तपासूनच कळते. ही तपासणी तुमच्या संमतीनेच व्हायची, आणि सोबत घरची बाई असावी असे म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुसरे, काहींचे स्नायू सैल नसून सतत आखडलेले असतात. त्यांना ओटीपोटात किंवा संबंधाच्या वेळी दुखते. त्यांनी आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढते. त्यांना सैल सोडायला शिकवावे लागते. तिसरे, घाईची लघवी लागणाऱ्यांना वेळ हळूहळू वाढवत नेण्याची शिस्त शिकवली जाते. वजन कसे उचलावे, बद्धकोष्ठ कसे टाळावे, हेही त्यातच येते.

पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होऊन जळजळ आणि घाई वाढते, आणि शौचालाही कुंथावे लागते. तोडायचाच तर दिवसभराचा चहा तोडा. नाचणी, कुळीथ, पालेभाजी आपल्या घरचीच आहे, ती पोटात जाऊ द्या.

व्यायामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अंग पूर्ण बाहेर आले असेल तर नुसत्या व्यायामाने ते वर जात नाही. तेथे डॉक्टर आधाराची रिंग बसवतात किंवा शस्त्रक्रिया सुचवतात. लघवीतून रक्त, जळजळ आणि ताप, लघवी अडणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी झिरपत राहणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा, आणि पुढे देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करा. आशाताईंना सांगितले तर त्या वाट दाखवतील.

पुरुष मंडळींनाही दोन शब्द. हे स्नायू तुम्हालाही आहेत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळू लागते तेव्हा डॉक्टर हाच व्यायाम सांगतात. तेव्हा हसू नका. आणि घरात बाळंतीण असेल तर विहिरीवरची कळशी काही महिने तुम्ही उचला. त्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, बारावी विज्ञानानंतर फिजिओथेरपीची पदवी घेता येते. २०२१ साली संसदेने केलेल्या कायद्याने या व्यवसायाला रीतसर स्थान मिळाले आहे. आपल्या वाडीतली एखादी मुलगी हे शिकून आली, तर ज्या गोष्टी परक्या माणसासमोर बोलता येत नाहीत त्या बायका तिच्याशी मालवणीत बोलतील.

मंडळाला आमची एकच विनंती आहे. महिला सभेत दर तीन महिन्यांनी अर्धा तास या विषयाला द्यावा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवावे, बायकांना आपसात बोलू द्यावे, आणि जिला दवाखान्यात जायचे आहे तिच्यासोबत एकीने जावे. सोबत असली की लाज अर्धी होते, हा आमचा अनुभव आहे.

काकींसाठी आता काही करता येणार नाही. पण आज या सभेत दाराजवळ कोण बसले आहे, ते आम्ही पाहिले आहे. मुद्दाम त्यांच्याकडे बघणार नाही. एवढेच सांगतो की सभा संपल्यावर आम्ही मागच्या पडवीत थांबणार आहोत. ज्यांना बोलायचे असेल त्यांनी सावकाश यावे.