क्रीडांगणावरील शुश्रूषा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विवाह, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या विषयांना सरावलेल्या या व्यासपीठावरून गुडघे आणि घोटे यांविषयी बोलण्याची संधी मंडळाने आम्हांस दिली, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. खेळाडूंच्या दुखापती टाळणे आणि झालेल्या बऱ्या करणे हा आमचा व्यवसाय. असे सांगितले की समोरचे गृहस्थ बहुधा म्हणतात, "म्हणजे मालिश करता तर!" मालिश आम्ही करतो, परंतु ती केव्हा करू नये हे ओळखण्यासाठीच आम्हांस अधिक शिकावे लागले.

हा व्यवसाय परका मानण्याचे कारण नाही. तालमीतला वस्ताद माती उकरून मऊ ठेवी, तीत तेल, ताक व हळद कालवी, आणि जोड लावताना वजन व वय पाही. हे सारे इजा टाळण्याचेच शास्त्र होते. अमेरिकेत हे काम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना 1950 साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. आपल्याकडे मात्र वस्तादाची जागा रिकामी झाल्यावर शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर ती फारशी कोणी भरली नाही.

याचे मोल काय, ते खाशाबा जाधवांच्या चरित्रात दिसते. 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीचे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारा हा मल्ल सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचा. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पुढे 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचे दार मात्र गुडघ्याच्या दुखापतीने बंद केले. घर गहाण टाकून तिकीट मिळते, गुडघा मिळत नाही. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या काळी आपल्याकडे नव्हती.

आता आपल्या खापरखेड्याच्या उमेश यादवांचे उदाहरण घ्या. खाणकामगाराचा हा मुलगा भारताचा द्रुतगती गोलंदाज झाला. 2012 च्या अखेरीस पाठीच्या दुखापतीने त्यांना महिनोन्‌महिने बाहेर बसविले. डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्न येथे पोटरी दुखावल्याने ते षटक अर्धवट टाकून मैदानाबाहेर गेले. दोन्ही वेळा ते परतले आणि पुन्हा भारताकडून खेळले. द्रुतगती गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्यावर प्रत्येक चेंडूगणिक ताण पडतो. हाडाला भरून येण्यास उसंत मिळाली नाही तर त्यात बारीक चीर पडते. म्हणून आम्ही मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले ते मोजतो आणि संख्या वाढली की "आज नाही" म्हणतो. या दोन शब्दांमुळे प्रशिक्षक रागावतात, आणि पालक त्याहून अधिक.

जिल्ह्याबाहेरच्या एका स्पर्धेत खो-खो खेळणाऱ्या एका मुलीचा गुडघा वळताना 'कट्' असा आवाज झाला व तासाभरात तो सुजला. मैदानावर बर्फ नव्हता. पुढाऱ्यांसाठी सरबत होते, हे सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी तिला नस बसविणाऱ्याकडे नेले. त्याने गरम तेलाने जोरात चोळले व सूज दुप्पट झाली. असा आवाज व अशी सूज हे बहुधा गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध तुटल्याचे चिन्ह असते. मुलींत ही इजा मुलांपेक्षा अधिक आढळते. उडी मारून गुडघे आत न वळविता जमिनीवर कसे यावे, हे सरावापूर्वी दहा-पंधरा मिनिटे शिकविले तर ती पुष्कळ टळते. यासाठी यंत्र लागत नाही. एकदा शस्त्रक्रिया झाली, तर नऊ महिन्यांच्या आत खेळात परतू नये.

म्हणून आमची विनंती आहे की ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, पट्टी, आणि पाय उंचावर. घोटा मुरगळलेल्यास चार पावले टाकता येत नसतील तर क्ष-किरण चित्र काढावे. मात्र महिनाभर खाटेवर निजवून ठेवणेही चूक; सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करावी.

आपल्या घरांतील कितीतरी तरुण पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटर धावण्याचा सराव करतात. जाहिरात निघाली की एकदम रोज धावू लागतात आणि तीन आठवड्यांत नडगी दुखू लागते. "सहन कर," असे वडीलधारे सांगतात. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल तर ते सहन करण्याचे दुखणे नव्हे. धाव हळूहळू वाढवावी, मातीच्या मैदानावर धावावे. नागपूरच्या मे महिन्यातील ऊन तर निराळेच. त्यात सराव करावयाचा तर शरीराला दहा-चौदा दिवसांची सवय द्यावी. कोणी उन्हाने कोसळून बरळू लागला, तर गाडी शोधण्यापूर्वी त्याला गार पाण्यात बुडवून थंड करावे आणि मग रुग्णालयात न्यावे.

या व्यवसायाचा मार्ग बारावीनंतरच्या भौतिकोपचाराच्या पदवीतून जातो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तो अभ्यासक्रम आहे. वैद्यक हुकले म्हणून खिन्न बसलेल्या मुलामुलींनी तो दुय्यम समजू नये. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला स्वतंत्र स्थान दिले आहे. कन्येस या कामात खेळाडूंच्या अंगाला हात लावावा लागतो, म्हणून संकोचणाऱ्या मातापित्यांना आम्ही एवढेच विचारतो की परिचारिका आणि स्त्री-डॉक्टर यांच्याविषयी हीच शंका आपल्या आजोबांना नव्हती काय?

मंडळाच्या यंदाच्या क्रीडास्पर्धांसाठी एक बर्फाची पेटी, पट्ट्या, एक स्ट्रेचर आणि पाण्याची मोठी टाकी यांची तरतूद अंदाजपत्रकात करावी, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. भोजनोत्तर दालनाच्या मागील खोलीत घोट्याला पट्टी कशी बांधावी ते दाखवू. ज्यांच्या घरी खेळणारी मुले आहेत त्यांनी त्यांना घेऊनच यावे.