मऊ धातू आणि लेथची गती

गिरगावातल्या खोताच्या वाडीत जुन्या घरांचे लाकडी जिने आणि कठडे पाहिले, की सुताराच्या हाताचे कौतुक वाटते. लाकूड कोणते, त्याची रेघ कोणीकडे, हे पाहूनच तो रंधा चालवतो. लेथवर धातू कातणाऱ्यालाही जिन्नस ओळखूनच हात चालवावा लागतो. आज अॅल्युमिनियमपुरते बोलू या.

तालुक्याच्या गावी इंजिने दुरुस्त करणारे लहान कारखाने असतात. तिथला नवशिका मुलगा म्हणतो, "धातू मऊ आहे, सावकाश चालवू." घोटाळा होतो तो इथेच. गती फार कमी पडली, की अॅल्युमिनियम टूलच्या धारेला चिकटते. मग तो थर सुटतो आणि कामावर ओरखडे उठतात. माप बिघडते, माल परत येतो नि मजुरी बुडते.

मग गती किती ठेवावी? हायस्पीड पोलादाच्या टूलने साधे पोलाद मिनिटाला सुमारे ३० मीटर गतीने कापतात. अॅल्युमिनियमला ९० मीटर खुशाल धरा. मात्र ही गती म्हणजे लेथचे फेरे नव्हेत बरे का! एका फेऱ्यात टूलसमोरून दांड्याचा परीघ जातो. म्हणून ९० मीटरचे ९०,००० मिलिमीटर करा आणि परिघाने भागा. ५० मिलिमीटर व्यासाचा परीघ १५७. म्हणजे मिनिटाला सुमारे ५७० फेरे. व्यास २५ असेल, तर फेरे दुप्पट. शिक्षकबंधूंनी वर्तुळ शिकवताना हे उदाहरण मुलांना जरूर घालावे.

आता फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकते ते. पहिल्या कापाला ०.२ मिलिमीटर, अखेरच्या हाताला ०.१ ठीक. फारच कमी केले, तर धार कापत नाही, नुसती घासते.

हे आकडे सुरुवातीचे समजा. पिस्टनच्या ओतीव धातूत सिलिकॉन असते, ते धार झिजवते. तिथे गती उतरवा. दांडा लांब नि बारीक असला, तरीही उतरवा. धार तीक्ष्ण हवी. वर थोडे रॉकेल सोडतात, तेव्हा विडी-काडी दूरच ठेवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि कीस हाताने ओढू नका. लेथ थांबवून ब्रशने काढा.

उद्या कामाला लागाल, तेव्हा आधी दांड्याचा व्यास मोजा आणि फेऱ्यांचा आकडा खडूने लेथजवळ लिहून ठेवा.