शेजारची शाळा कोण ठरवतं?



आज मी एकाच प्रश्नाला हात घालणार आहे. कोणत्या मुलाची शाळा कोणती, हे कोण ठरवतं आणि कशावरून?

शिक्षण हक्क कायद्याच्या सहाव्या कलमात ‘शेजारची शाळा’ आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांत तिचं अंतरही दिलं आहे : पाचवीपर्यंत 1 किलोमीटर, सहावी ते आठवी 3 किलोमीटर. कल्पना त्याहून जुनी. कोठारी आयोगाच्या 1966 च्या अहवालात ती मांडली गेली, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. एका परिसरातली सगळी मुलं, बागायतदाराची आणि त्याच्या शेतमजुराचीही, एका बाकावर बसावीत, हा तिचा गाभा. आपण त्यातलं अंतर तेवढं उचललं. शेजार मागेच राहिला.

आणि अंतर तरी कसं मोजतो? खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांचा अर्ज भरताना पालकाला नकाशावर आपल्या घरावर ‘बलून’ ठेवावा लागतो. तिथून शाळेपर्यंत सरळ रेषेत, हवेतून मोजणी होते. मध्ये नाला आहे, रेल्वेचे रूळ आहेत की हमरस्ता, हे त्या रेषेच्या गावीही नसतं. धुणीभांडी करून आलेली आई सायबर कॅफेतल्या पोराला विचारते, “दादा, बरोबर बसला ना?” बलून गल्लीभर सरकला, तर पडताळणीत तिच्या लेकराचा प्रवेश जाऊ शकतो.

9 फेब्रुवारी 2024 च्या नियमदुरुस्तीत तर राज्य सरकारनं याच किलोमीटरचा उलटा वापर केला. सरकारी किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट! शाळा जवळ असावी म्हणून आखलेलं अंतर गरिबाच्या मुलाला दाराबाहेर ठेवायला वापरलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं 19 जुलै 2024 ला ही दुरुस्ती रद्द केली, हे योग्यच झालं.

खेड्यात प्रश्न आणखी बिकट आहे. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचं पाणी ओलांडायच्या आणि पुढं जंगलातून पायी शाळा गाठायच्या. 2022 मध्ये उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा मुलं शेळ्या घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी. शाळाच नसेल तर राखोळीला जातो, इतका साधा हिशेब होता तो. धोरणाबद्दल इतकं नेमकं निवेदन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढच्याच वर्षी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा 14,783 आणि त्यांत मुलं सुमारे 1 लाख 85 हजार. मी समूह शाळेचा सरसकट विरोधक नाही. चार मुलं आणि एकच गुरुजी असलेल्या वर्गात कबड्डीचा संघ होत नाही, वादविवाद होत नाही, हे तुम्ही जाणता. पण दूरच्या समूह शाळेला नेणारी गाडी बंद पडली, ओढ्याला पूर आला की सगळ्यात आधी कोण घरी बसतं? पाचवी-सहावीतली मुलगी. मग तिच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. पट वाढवण्याच्या कुठल्याही आकडेवारीत ही मुलगी दिसत नाही.

असे निर्णय लोकांना विचारूनही घेता येतात. अमेरिकेत शाळांच्या हद्दी बदलायच्या झाल्या की अनेक ठिकाणी नकाशांचे पर्याय लोकांपुढं येतात, जाहीर सुनावण्या होतात. तिथलं सगळं घेण्यासारखं नाही. 1974 च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डेट्रॉइटच्या आणि उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना एकत्र आणायला 5 विरुद्ध 4 अशा मतांनी नकार दिला. रेघेआड विषमता शाबूत राहिली. पण नकाशा आधी लोकांसमोर मांडायचा, ही रीत आपण जरूर घ्यावी.

म्हणून शिक्षकांच्या या परिषदेपुढं मी ठराव मांडतो. कोणतीही शाळा दुसरीत विलीन करण्याआधी प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढं आणि ग्रामसभेपुढं यावा. अंतर चालण्याच्या वाटेनं मोजावं, तेही पावसाळ्यात, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्यानं पहिलीतल्या मुलासोबत ती वाट स्वतः चालून पाहावी. वाहनाचा आदेश आणि त्याचा पैसा आधी, कुलूप नंतर. हा ठराव मंजूर करा, आणि सोमवारी आपापल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर त्याची प्रत ठेवून पोच घ्या.