अंदाज नको, माप हवे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मी मिस्त्री माणूस. विद्वानांच्या व्यासपीठावर शिक्षणाचे महत्त्व मी काय सांगणार? ज्या कामात माझे हात रोज काळे होतात, त्यातलीच एक गोष्ट सांगतो. ती आहे पिस्टन रिंगांची.

इंजिनात पिस्टन वरखाली धावतो. त्याच्या खाचांत बसवलेल्या वरच्या रिंगा जळत्या वायूचा दाब खाली निसटू देत नाहीत. खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून परत पाठवते. या रिंगा झिजल्या की गाडी निळा धूर सोडते, ऑइल खाते आणि चढावर दम टाकते. मग मालक म्हणतो, "मिस्त्री, नवीन रिंगा टाकून द्या."

पण कोणत्या रिंगा? हे दुकानातला डबा सांगत नाही, सिलिंडर सांगतो. झीज बहुधा वरच्या टोकाला जास्त असते. म्हणून बोअर वर, मध्ये आणि खाली, तेही आडवा-उभा दोन्ही दिशांनी मोजावा. झीज कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेत असेल तर होनिंग करून त्याच मापाच्या रिंगा चालतात. मर्यादा ओलांडली असेल तर लायनर बदलावा, किंवा रीबोअर करून पिस्टन आणि रिंगा दोन्ही ओव्हरसाइज घ्याव्यात. झिजलेल्या बोअरमध्ये मोठी रिंग टोके घासून बसवणे ही काटकसर नव्हे, कारण ती भिंतीला सगळीकडे सारखी टेकत नाही. लायनरला क्रोम असेल तर क्रोमची रिंग घालू नये, साधी बिडाची घालावी.

शेवटी गॅप. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधले अंतर फीलर गेजने पाहायचे. 100 मिलिमीटर बोअरला साधारण 0.30 ते 0.40 मिलिमीटर, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला. हे माप बोअरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात घ्यावे.

उमेदवारीच्या काळात मी ही एक गोष्ट टाळली. "नवीन रिंग आहे, बरोबरच असणार," असे म्हणून इंजिन बांधले. आंब्याचा हंगाम होता. हापूसच्या पेट्या भरलेला तो ट्रक आंबा घाट चढताना बंद पडला. उष्णतेने रिंग फुगली, गॅप उरला नाही, टोके एकमेकांवर दाबली गेली. रिंग तुटली आणि लायनर ओरखडला. माल वाया गेला. ट्रकवाल्याच्या डोक्यावर कर्ज होते. तो मला एक शब्द बोलला नाही. तेच मला अधिक लागले. मापात खोट करू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. ती तराजूपुरती नाही, हे मला त्या दिवशी कळले.

विद्यार्थी मित्रांनो, एक हिशेब करा. बोअरचा व्यास 0.10 मिलिमीटर वाढला तर घेर किती वाढेल? 22 भागिले 7 ने गुणा. सुमारे 0.31 मिलिमीटर! म्हणजे गॅपही तितकाच वाढला आणि जवळजवळ दुप्पट झाला. डोळ्यांना न दिसणारी झीज शाळेतले गणित दाखवते. वर्तुळाचा धडा गॅरेजमध्ये काय कामाचा, असे आता कोणी म्हणू नये.

आणि पालकहो, "पोरगा अभ्यासात मागे आहे, घाला गॅरेजात," असे म्हणून सातवीतून मुलाचे नाव काढू नका. हातांच्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण दशांश न समजणारा मुलगा आयुष्यभर पाना देणारा हेल्पर राहतो. समजणारा आयटीआयला जातो, पुस्तक वाचतो आणि उद्या स्वतःचे गॅरेज चालवतो. त्याला दहावी होऊ द्या, मग माझ्याकडे पाठवा. मी त्याच्या हाती पहिल्या दिवशी हातोडा नाही, फीलर गेज देईन.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि हुन्नर दोन्ही देवो. खुदा हाफिज.